गडकोटांची डिजिटल मार्गदर्शिका आणि लेखकाचा हक्क

दि. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या ४७ व्या अधिवेशनात मराठ्यांच्या बारा दुर्गांचा जागतिक वारसा यादीत समावेश करण्यात आला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे अकरा किल्ले महाराष्ट्रात असून बारावा, जिंजी, तामिळनाडूत आहे. या घटनेमुळे गडकोटांविषयीचे कुतूहल देशाच्या सीमा ओलांडून गेले असून त्यांची विश्वसनीय माहिती सुलभ रीतीने उपलब्ध व्हावी, अशी अपेक्षा साहजिकच व्यक्त होऊ लागली आहे.

आजचा पर्यटक छापील पुस्तिकेपेक्षा खिशातील मोबाईलवर अधिक विसंबतो. त्यामुळे गडाच्या पायथ्याची ग्रामपंचायत, माध्यमिक शाळा, तरुण मंडळ किंवा गिर्यारोहण संस्था यांनी आपल्या गडाची डिजिटल मार्गदर्शिका तयार करावी, हे सर्वथा योग्यच होय. अशा कामास मोठे भांडवल लागत नाही. लागते ती माहिती, चिकाटी आणि थोडी योजकता. परंतु नेमक्या याच ठिकाणी एक प्रश्न उभा राहतो. मार्गदर्शिकेतील मजकूर, छायाचित्रे आणि नकाशे आणावयाचे कोठून?

साधारणपणे यावर सोपा उपाय योजला जातो. एका ठिकाणचा मजकूर उचलला जातो, दुसऱ्या ठिकाणचे छायाचित्र घेतले जाते, तिसऱ्या ठिकाणचा नकाशा जोडला जातो आणि अखेरीस 'सौजन्य : इंटरनेट' अशी ओळ टाकून कर्तव्यपूर्ती झाल्याचे समाधान मानले जाते. वस्तुतः इंटरनेट हा कोणत्याही छायाचित्राचा धनी नव्हे. प्रत्येक छायाचित्रामागे पहाटे गड चढून गेलेला कोणी तरी छायाचित्रकार असतो आणि प्रत्येक परिच्छेदामागे कोणाचा तरी अभ्यास असतो. त्याची अनुमती न घेता केलेला वापर अन्यायकारक तर आहेच, शिवाय तो मार्गदर्शिकेच्या मुळावर येणाराही आहे.

उसनवारीचे दुहेरी नुकसान

पहिले नुकसान कायदेशीर स्वरूपाचे आहे. स्वामित्व हक्क, म्हणजेच व्यवहारात ज्याला कॉपीराइट म्हटले जाते, त्याचे संरक्षण आपल्या देशात कॉपीराइट अधिनियम, १९५७ अन्वये केले जाते. हा अधिनियम दि. २१ जानेवारी १९५८ पासून अंमलात आला. जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्यास कलम ६३ नुसार सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. धंद्यात नफा मिळविण्याचा हेतू नसेल, तर योग्य कारण नमूद करून न्यायालय ही शिक्षा सौम्य करू शकते. तथापि हक्काचा मालक दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम व भरपाई मागू शकतो, ते वेगळेच. एका छायाचित्राविषयी तक्रार आली की संपूर्ण मार्गदर्शिका वितरणातून काढून घेण्याची पाळी येते, आणि अनेकांचे कित्येक महिन्यांचे श्रम वाया जातात.

दुसरे नुकसान याहून गंभीर असूनही फारसे लक्षात घेतले जात नाही. उचललेल्या मजकुराबरोबर त्यातील चुकाही येतात. दहा वर्षांपूर्वी कोणी तरी एका टाक्यातील पाणी पिण्यायोग्य असल्याचे लिहिलेले असते. ते वाक्य एकाकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जसेच्या तसे जात राहते. दरम्यान टाके गाळाने भरलेले असू शकते, पायवाट पावसात खचलेली असू शकते. एप्रिलच्या उन्हात अशा माहितीवर भरवसा ठेवून चढणाऱ्या कुटुंबाला त्याची किंमत मोजावी लागते. म्हणूनच स्वामित्व हक्काचा आदर आणि माहितीची अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. जो संपादक दुसऱ्याचा मजकूर उचलत नाही, त्याला स्वतः गडावर जावेच लागते.

हक्क कशावर, कशावर नाही

स्वामित्व हक्काविषयी जसा बेफिकीरपणा आढळतो, तशीच अनाठायी भीतीही आढळते. ती दूर होणे आवश्यक आहे. कायदा संरक्षण देतो ते अभिव्यक्तीला, म्हणजे शब्दरचनेला, चित्राला, मांडणीला. वस्तुस्थितीवर कोणाचीही मालकी नसते. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या प्रकरणी १९७८ साली निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने कल्पना, विषय, कथासूत्र तसेच ऐतिहासिक वा पौराणिक तथ्ये यांवर स्वामित्व हक्क असू शकत नाही, हे तत्त्व स्पष्ट केले आहे.

राजगडाचेच उदाहरण घेऊ. पुणे जिल्ह्यातील या गडाला पद्मावती, सुवेळा व संजीवनी अशा तीन माच्या असून मध्यभागी बालेकिल्ला आहे, गुंजवणे गावाकडून चोरदरवाजाने वर जाता येते, रायगडापूर्वी शिवछत्रपतींची राजधानी येथे होती, या बाबी कोणीही आपल्या शब्दांत लिहू शकतो. त्यासाठी कोणाच्याही परवानगीची आवश्यकता नाही. मात्र एखाद्या लेखकाने सुवेळा माचीवरील सूर्योदयाचे केलेले वर्णन ही त्याची स्वतःची निर्मिती होय. ते वर्णन उतरवून घेणे, किंवा चार शब्द इकडे तिकडे करून आपल्या नावावर खपविणे, कायद्याला मान्य नाही.

गडाच्या वास्तूचे छायाचित्र काढण्यासही स्वामित्व हक्काची आडकाठी नाही. कलम ५२ नुसार वास्तुकृतीचे, तसेच सार्वजनिक ठिकाणी कायम स्वरूपात उभारलेल्या शिल्पाचे छायाचित्र घेऊन प्रसिद्ध करता येते. येथे एक सावधगिरी मात्र बाळगावी. बारा दुर्गांपैकी साल्हेर, राजगड, खांदेरी व प्रतापगड हे राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या, तर उर्वरित आठ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. तेथे चलच्चित्रण करणे, ड्रोन उडविणे किंवा माहितीफलक लावणे यांचे नियम वेगळे असून त्यासाठी संबंधित कार्यालयाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

मुदतीचे गणित

लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे साहित्यकृतीवर स्वामित्व हक्क राहतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपुष्टात येत असल्याच्या पार्श्वभूमीवर ती वाढविण्यात आली.

या नियमाने हिशेब केला असता गडांच्या अभ्यासकाला पुष्कळ साहित्य मोकळे असल्याचे दिसून येते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली निवर्तले, त्यांचे लेखन केव्हाच हक्कमुक्त झाले आहे. सर जदुनाथ सरकार यांचे निधन १९५८ साली झाले, त्यांचे ग्रंथ १ जानेवारी २०१९ पासून मुक्त झाले. रियासतकार गो. स. सरदेसाई १९५९ साली वारले, त्यांचे लेखन १ जानेवारी २०२० पासून सर्वांसाठी खुले आहे. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील कुलाबा जिल्ह्याचा १८८३ चा आणि पुणे जिल्ह्याचा १८८५ चा खंडही निर्वेधपणे वापरता येतो. मात्र त्या काळच्या वाटा आजही तशाच असतील, असे गृहीत धरता येणार नाही.

उलटपक्षी, ज्यांच्या लेखणीने असंख्य मराठी तरुणांना गडांची गोडी लावली त्या गो. नी. दांडेकरांचे निधन १ जून १९९८ रोजी झाले. त्यांच्या लेखनावरील हक्क २०५८ अखेरपर्यंत कायम राहणार आहे. त्यांचे परिच्छेद वापरावयाचे असल्यास हक्कधारकांची अनुमती घेणे क्रमप्राप्त ठरते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रांसाठीही छायाचित्रकाराची हयात आणि त्यानंतर ६० वर्षे असाच नियम लागू आहे.

जुन्या ग्रंथाबाबत आणखी एक खबरदारी घ्यावयास हवी. कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेल्या बखरीवर आज कोणाचाही हक्क नाही. परंतु अलीकडील आवृत्तीस संपादकाने जोडलेली प्रस्तावना व टिपा त्याच्या मालकीच्या असतात. तीच गोष्ट भाषांतराची. मूळ ग्रंथ मुक्त झाला तरी हयात भाषांतरकाराचे मराठी भाषांतर मुक्त झालेले नसते.

शासकीय प्रकाशने सर्वांना मोकळीच असतात, असाही एक समज प्रचलित आहे. तो बरोबर नाही. राजपत्रात प्रसिद्ध झालेला मजकूर आणि न्यायालयीन निर्णय यांना कायद्याने सवलत दिली असली, तरी इतर शासकीय ग्रंथांवर प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे शासनाचा हक्क असतो. मात्र २०१७ साली अधिसूचित झालेल्या शासकीय खुल्या आधारसामग्री परवान्याखाली उपलब्ध करून देण्यात आलेली माहिती योग्य श्रेयनिर्देश करून वापरता येते.

परवानगी कशी घ्यावी

मित्राने आनंदाने पाठविलेले छायाचित्र वापरण्यास तोंडी होकार पुरेसा वाटतो. परंतु कायदा हक्काचे हस्तांतरण आणि परवाना लेखी असावा, असे सांगतो. या लेखात मुदत नमूद केली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश नमूद केला नसेल तर केवळ भारत, असे कलम १९ अन्वये धरले जाते. डिजिटल मार्गदर्शिका पुण्यात जशी वाचली जाते तशीच ती परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातही वाचली जाते. तेव्हा कोणती कृती, कोणत्या रूपात, किती वर्षे, कोणत्या प्रदेशात, भाषांतर व कातरणीची मुभा आहे किंवा नाही, मोबदला किती आणि नाव कसे छापावयाचे, एवढ्या बाबी असलेले एक पानी पत्र दोन्ही पक्षांच्या हिताचे ठरते.

मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, काम सोपविणारा असतो. विनामूल्य मिळालेले छायाचित्र मात्र काढणाऱ्याचेच राहते. हक्क विकत घेतला तरी निर्मात्याचे नाव पुसण्याचा वा त्याची प्रतिष्ठा कमी होईल अशा रीतीने कृती विरूप करण्याचा अधिकार मिळत नाही. कलम ५७ चे हे संरक्षण शासनालाही बंधनकारक आहे. नवी दिल्लीच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्प काढून टाकण्यात आल्यानंतर शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी केंद्र शासनाविरुद्ध दाद मागितली असता, दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली त्यांच्या बाजूने निकाल देऊन अवशेष परत करण्याचा व पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला होता.

प्रत्येक वेळी पत्रव्यवहार करणे शक्य नसते. अशा वेळी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांचा उपयोग होतो. २००२ सालापासून प्रचारात आलेल्या या परवान्यांद्वारे निर्माता आपली कृती ठराविक अटींवर आधीच सर्वांना खुली करून देतो. काही कृतींना केवळ श्रेय देणे पुरते. काहींबाबत नवी कृतीही त्याच परवान्याखाली खुली करावी लागते. काहींचा व्यापारी वापर करता येत नाही, तर काहींमध्ये बदल करण्यास मज्जाव असतो. मार्गदर्शिका विक्रीस ठेवावयाची असल्यास व्यापारी वापरास मनाई असलेले छायाचित्र तिच्यात घालता येणार नाही, हे उघड आहे. गोवा विद्यापीठाने २०१३ साली कोकणी विश्वकोश अशाच खुल्या परवान्याखाली उपलब्ध करून दिला. भारतीय भाषांच्या दृष्टीने हा अनुकरणीय पायंडा होय.

नकाशाबाबतही हेच धोरण ठेवावे. मोबाईलवरील नकाशाचे चित्र टिपून ते मार्गदर्शिकेत चिकटविणे बहुधा त्या सेवेच्या अटींत बसत नाही. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकसहभागातून उभ्या राहिलेल्या नकाशाचा वापर, त्याच्या योगदानकर्त्यांचा उल्लेख करून, मुक्तपणे करता येतो. याहूनही उत्तम म्हणजे गावातील जाणत्यांबरोबर वाट चालून आणि अंतरे व वेळ नोंदवून स्वतःचा रेखानकाशा काढणे.

हे सर्व विसरले जाऊ नये म्हणून प्रारंभापासूनच एक नोंदवही ठेवावी. प्रत्येक छायाचित्र, नकाशा, उतारा व ध्वनिमुद्रण यांपुढे निर्माता, मिळाल्याचे ठिकाण व दिनांक, परवान्याचा प्रकार आणि श्रेयाची ओळ लिहून ठेवावी. ज्या वस्तूपुढील रकाना रिकामा राहील, ती मार्गदर्शिकेत घेऊ नये.

मांडणी वाचकासाठी

साहित्य निर्दोष असले तरी मांडणी सदोष असेल तर मार्गदर्शिका निरुपयोगी ठरते. गड चढणारा वाचक दमलेला असतो, ऊन डोळ्यांवर असते आणि मोबाईलचे जाळे अनेकदा पोहोचलेले नसते. म्हणून मार्गदर्शिका पायथ्याशीच उतरवून घेता येईल इतकी हलकी असावी आणि जाळ्याविना उघडावी. पायथ्याचे गाव, चढणीस लागणारा वेळ, पाण्याची सोय, पावसाळ्यातील धोक्याच्या जागा, उतरण्यास सुरुवात करण्याची वेळ आणि आपत्कालीन ११२ हा क्रमांक पहिल्याच पानावर असावा. इतिहास त्यानंतर यावा. माहिती कोणत्या महिन्यात व वर्षी प्रत्यक्ष पडताळली, तेही नमूद करावे.

पीडीएफचे पान छापील पानासारखे स्थिर असते, त्यामुळे लहान पडद्यावर ते सतत सरकवावे लागते. ईपबमधील मजकूर पडद्याच्या रुंदीनुसार आपोआप जुळतो व अक्षर मोठे करता येते. मजकूर युनिकोडमध्येच असावा, चित्रात गोठविलेला नसावा. तसे असेल तरच तो शोधता येतो आणि अंध वाचकाला यंत्राकडून वाचून घेता येतो. प्रत्येक छायाचित्रास त्यात काय दिसते हे सांगणारे वर्णन जोडावे. अक्षर व पार्श्वभूमी यांतील उठावाचे प्रमाण निदान ४.५ ला १ असावे, असा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक संकेत आहे. फिकट करड्या अक्षरांचा मोह त्यामुळे टाळावा.

अक्षरवळणही काळजीपूर्वक निवडावे. २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी प्रमाण ठरविलेली 'ल' व 'श' यांची वळणे त्यातून मिळतात किंवा नाही, तसेच 'वऱ्हाड', 'कऱ्हाड' यांसारखे शब्द नीट उमटतात किंवा नाही, हे आधी पडताळावे. अक्षरसंचांनाही परवाने असतात. 'मुक्ता' व 'नोटो सॅन्स देवनागरी' यांसारखे खुल्या परवान्याचे संच विनामूल्य वापरता येतात आणि मार्गदर्शिकेत अंतर्भूतही करता येतात.

अलीकडे संगणकाकडूनच चित्रे व मजकूर तयार करवून घेण्याची प्रथा पडू लागली आहे. असे चित्र देखणे असले, तरी त्यात कधीही अस्तित्वात नसलेला बुरूज किंवा दरवाजा उभा राहू शकतो. वाट दाखविणाऱ्या पुस्तिकेत त्यास स्थान नसावे.

गावाचाही हक्क

स्वामित्व हक्क केवळ दूरच्या लेखकाचा असतो असे नाही. सतराव्या शतकातील अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा आज सर्वांचा आहे. पण तो गाणाऱ्या आजच्या शाहिराला आपल्या गायनावर ५० वर्षांचा कलावंताचा हक्क कायद्याने दिलेला आहे. ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी त्याची लेखी संमती घ्यावी, नाव द्यावे आणि शक्य असेल तेव्हा मानधनही द्यावे. पाण्याच्या जागा दाखविणाऱ्या आणि कड्यांची नावे सांगणाऱ्या ग्रामस्थांचा उल्लेखही, त्यांची संमती असल्यास, अगत्याने व्हावा.

अशा रीतीने सिद्ध झालेल्या मार्गदर्शिकेवर तिच्या कर्त्यांचाही हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, कृती निर्माण होताच हक्क प्राप्त होतो. मात्र पुरावा म्हणून नोंदणी उपयुक्त ठरते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली ईस्टर्न बुक कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केल्याप्रमाणे केवळ श्रम पुरेसे नाहीत, निर्मितीत काही अंशी तरी स्वतःची प्रतिभा दिसली पाहिजे. स्वतः पाहिलेली वाट, स्वतः टिपलेले चित्र आणि स्वतः रचलेले वाक्य यांत ती सहजच उतरते. उद्या दुसऱ्या कोणी ही मार्गदर्शिका परस्पर उचलली, तर गावाला आपला हक्क ताठ मानेने सांगता येईल. ज्याने स्वतः कोणाचे काही उचललेले नाही, त्यालाच तो सांगता येतो.

गडकोट ही महाराष्ट्राची सामाईक ठेव आहे, त्यांचा इतिहास सर्वांचा आहे. तो सांगणाऱ्याचे शब्द मात्र ज्याचे त्याचे आहेत. हा विवेक राखून पायथ्यापायथ्याच्या गावांनी आपापल्या गडांच्या मार्गदर्शिका सिद्ध केल्या, तर येणाऱ्या पाहुण्याला खात्रीची वाट सापडेल आणि गावातील तरुणांच्या श्रमाला त्यांच्या नावासह मान मिळेल.